एम. एस. ब्लू म्हणजे नक्की कुठला निळा?

मागच्या दिवाळीच्या आधी मी ऑनलाइन एक साडी मागवली आणि ती जांभळी निघाली. अगदी जांभळी असंही नाही म्हणता येणार, वांग्याला तेल चोळून उन्हात धरलं की कसं दिसेल तसला काहीतरी रंग. फोटोत मात्र चांगली निळी होती, खाली नावसुद्धा ठसठशीत लिहिलेलं, 'एम. एस. ब्लू कांजीवरम'. परत पाठवायला गेले तर सेलमधला माल परत घेत नाही म्हणे. नवऱ्याला दाखवली, तो म्हणाला आहे की निळी. त्याला मोरपंखी, आनंदी, आकाशी, जांभळा सगळं एकच दिसतं त्यामुळे त्याचं मत आमच्या घरात धरत नाहीत. मी साडी उचलली आणि सरळ खालच्या मजल्यावर मामींकडे गेले.

मामी म्हणजे माझ्या नात्यातल्या नव्हेत, तमिळ घरांतल्या मोठ्या बायकांना मामी म्हणतात तशा. मूळच्या कुंभकोणमकडच्या, लग्न करून माटुंग्याला आल्या त्याला आता साठेक वर्षं होतील. मराठी शिकल्या त्या भाजीवाल्यांकडून आणि कामवाल्या बायकांकडून, त्यामुळे त्यांच्या मराठीत अहो-जाहो जवळजवळ नाहीच, माझ्या सासऱ्यांनासुद्धा त्या "काय रे, बीपीची गोळी घेतली का" असं विचारतात आणि सासऱ्यांना ते आवडतं. तर मामींनी साडी बघितली, चष्मा वर केला, परत खाली केला, पदर दोन बोटांत धरून चुरला आणि म्हणाल्या, "ह्याला कोण बोलला एम. एस. ब्लू? एम. एस.ने बघितली असती तर गाणं थांबवलं असतं."

मग कुठला निळा तो, हे विचारल्यावर त्या उठल्या आणि कपाट उघडलं.

एम. एस. म्हणजे एम. एस. सुब्बुलक्ष्मी हे सांगायची खरं तर गरज नाही. आपल्याकडच्या कितीतरी घरांत पहाटे 'कौसल्या सुप्रजा राम' लागायचं ते तिच्याच आवाजात, आमच्याही घरी लागायचं, आणि ते लागलं की पाणी यायची वेळ झाली एवढाच त्याचा अर्थ मला लहानपणी माहीत होता. 1966 मध्ये युनोत गायली, 1998 मध्ये भारतरत्न मिळालं, गाण्याबजावण्याच्या क्षेत्रातलं ते पहिलंच भारतरत्न. पण ही बाई आधी तमिळ सिनेमाची नटी होती हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं, मामींनीच सांगितलं, तेही असं की जणू मला हे माहीत नसणं म्हणजे माझ्या आईची चूक. 1938 ते 1945 एवढ्यात चार तमिळ सिनेमे, आणि त्यातल्या शेवटच्या 'मीरा'ची 1947 मधली हिंदी आवृत्ती. बस्स, तेवढंच. त्यानंतर कॅमेऱ्यासमोर भूमिका म्हणून उभी राहिली नाही.

आणि मला ह्यातली सगळ्यात गंमत कुठली वाटते माहितीये का, की हे सगळे सिनेमे ब्लॅक अँड व्हाइट. जी नटी पडद्यावर कायम काळी-पांढरीच दिसली तिच्या नावाने आज साडीच्या दुकानात एक रंग चालतो! मधुबालेच्या नावाचा रंग आहे का? नर्गिसच्या? नाही ना. नट्यांच्या नावाने ब्लाउज निघाले, केसांचे कट निघाले, मैंने प्यार कियावाले ड्रेस तर आमच्या चाळीत दर तिसऱ्या मुलीकडे होते, पण रंग फक्त हिच्याच नावाचा, आणि तो तिने सिनेमा सोडल्यावर, गाण्याच्या स्टेजवर बसून मिळवलेला.

ह्या रंगामागचा माणूस म्हणजे कांचीपुरमचे मुथू चेट्टियार. रेशमाच्या धंद्यातले, तिच्या गाण्याचे भक्त, आणि तिच्यासाठी म्हणून त्यांनी एक निळा रंगवून-विणवून घेतला तो हा. मग बायकांनी तो मैफलीत बघितला, रेकॉर्डच्या कव्हरवर बघितला, आणि दुकानात जाऊन मागायला लागल्या, तिची असते तशी निळी द्या. दुकानदारांनी द्यायला सुरुवात केली. प्रत्येकाने आपापली दिली. इथेच सगळा घोळ आहे.

तर मामींचं कपाट. गोदरेजचं, दार उघडताना कुंई करून ओरडणारं. साड्या हँगरला लावलेल्या नाहीत, "हँगरने जर तुटतो, तुला माहीत नाही?" मामांच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या वेष्टीत, म्हणजे तिकडच्या धोतरात, एकेक साडी गुंडाळून ठेवलेली, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलायची, पहिली घडी जिथे पडली तिथे परत पडू द्यायची नाही. डांबराच्या गोळ्या नाहीत, त्याने जर काळी पडते. कपाटाला वास कसला, तर चंदनाच्या साबणाचे रिकामे खोके आणि जुनं रेशीम. त्यातून त्यांनी एक गाठोडं काढलं, पलंगावर ठेवलं, हात धुऊन आल्या (मलाही धुवायला लावले) आणि उघडलं.

निळी. पण कसली निळी ते मला आजही नीट सांगता येत नाही. नेव्ही म्हणावी तर तिच्यात उजेड होता. रॉयल ब्लू म्हणावी तर तो भडकपणा नव्हता. मामी म्हणाल्या, "अंधार व्हायच्या आधी मरीनावर समुद्र असतो ना, तो." मी मरीनावर अंधार व्हायच्या आधी गेलेली नाही, गेले तेव्हा भर दुपार होती आणि पाय भाजत होते, पण मान डोलावली.

मग त्यांनी साडी उलटी केली. चांगली साडी ओळखायची तर उलटी करायची हे मला पैठणीमुळे माहीत होतं, खऱ्या पैठणीचा पदर दोन्हीकडून जवळपास सारखाच दिसतो, दोरे लोंबत नाहीत. कांजीवरमचं मात्र उलट करून वेगळंच बघायचं असतं. ह्या साडीचं अंग निळं आणि काठ अरक्कू, म्हणजे लाखेचा तो गडद तांबडा. जिथे निळा संपतो आणि तांबडा सुरू होतो तिथे दोन्ही रंगांचे धागे एकमेकांत हात अडकवल्यासारखे गुंतलेले. ह्याला कोरवै म्हणतात. मागावर एकाच वेळी तीन धोटे चालतात, एक मधल्या अंगाचा आणि दोन दोन्ही काठांचे, म्हणून एका माणसाचं ते काम नाही, विणणाऱ्याच्या बाजूला मदतीला दुसरा बसतो, पुष्कळदा घरातलंच कुणीतरी. त्या जोडावर त्रिकोणी देवळाच्या शिखरांसारखी नक्षी येते ना, ती नुसती शोभेची नाही, जोड त्या दातांमध्ये लपतो. पदर वेगळ्या रंगाचा असेल तर तो जोडायची रीत आणखी वेगळी, तिला पेटनी म्हणतात, अंगाच्या उभ्या धाग्यांना पदराचे धागे हाताने एकेक करून अडकवायचे. बोट फिरवलं की तिथे एक बारीकशी कड लागते. मामींनी माझं बोट धरून त्या कडेवरून फिरवलं, लहान मुलाला पाटीवर अक्षर गिरवायला लावतात तसं.

"मशीनवालीला हे लागत नाही," म्हणाल्या. "तुझ्या वांग्याला बघ."

माझ्या वांग्याला अर्थातच काही लागलं नाही. जरही नुसती चकचकीत. खऱ्या कांजीवरमच्या जरीत आतला धागा रेशमाचा असतो, बहुतेक तांबड्या रंगात रंगवलेला, त्यावर चांदीची तार गुंडाळलेली आणि तिच्यावर सोन्याचं पाणी. नखाने जरा खरवडलं की आतून तांबडं डोकावतं. माझ्या साडीत खरवडल्यावर पांढरं प्लास्टिकसारखं काहीतरी आलं आणि मी विषय बदलला. आणखी एक मजा म्हणजे कांजीवरमचं रेशीम बरंचसं कर्नाटकातून येतं, जर सुरतेहून येते, आणि साडी तरी अस्सल तमिळच. आपल्या पैठणीचंही थोडंफार असंच आहे, तेव्हा आपण हसायचं काही कारण नाही.

तर ही नटी. मदुरैची, 1916 चा जन्म. आई षण्मुखवडिवु वीणा वाजवायची, देवदासी परंपरेतलं घर, देवळाशी बांधलेलं गाणं. लहानपणचं नाव कुंजम्मा. तिचा एक जुना फोटो आहे, 1937 च्या सुमाराचा, तो बघून मी अक्षरशः फोन खाली ठेवला आणि परत उचलला. ती आणि नृत्यांगना बालसरस्वती, दोघी मैत्रिणी, ऐन विशीतल्या, अंगात पाश्चात्त्य पद्धतीचे नाइट सूट आणि तोंडात सिगारेट! मजा म्हणून काढलेला, घरच्यांना न सांगता असणार. कुठे तो फोटो आणि कुठे तो सगळ्यांना पाठ असलेला, तंबोऱ्यापुढे डोळे मिटून, दोन्ही खांद्यांवरून पदर, कपाळावर कुंकू, अंबाड्यावर मोगरा. मी मामींना फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "मुली अशाच असतात." आणि फोन परत दिला.

आता ह्यावर तमिळ संगीतवाल्यांमध्ये बरेच वाद आहेत, अजूनही पेटतात. की देवदासी घरातल्या मुलीला सभ्य समाजात जागा मिळावी म्हणून तिला ब्राह्मण घरातल्या मामीसारखं सजवलं गेलं, लग्न 1940 मध्ये टी. सदाशिवम यांच्याशी झालं आणि पुढे सगळं, म्हणजे काय गायचं, कुठे गायचं, कसं दिसायचं, हे त्यांनी ठरवलं. दुसरा पक्ष म्हणतो की नाही हो, ती तशीच होती. मी कोण ह्यात बोलणारी. पण एक बाई म्हणून एवढं मला कळतं की रोज तीच पद्धत, तेच कुंकू, तीच फुलं, हे आपोआप होत नाही, त्यासाठी सकाळी उठून आरशासमोर रोज तेवढाच वेळ उभं राहावं लागतं. आपल्याकडे लताबाईंचं बघा. पांढरी साडी, रंगीत काठ, खांद्यावरून पदर लपेटलेला, दोन वेण्या, कानात हिरे. त्यांच्याही घराण्यात मागे जाल तर देवळाशी बांधलेलं गाणं आहे, गोव्यातलं. दोघींनी असं काहीतरी निवडलं की ज्यावर कुणी काही बोलूच शकणार नाही. बोलायचं तर गाण्यावर बोला.

सिनेमात मात्र तिचे कपडे तिचे नव्हते, आणि इथे एक मराठी बाई येते गोष्टीत. 1941 मध्ये 'सावित्री' नावाचा तमिळ सिनेमा आला. सावित्री कोण झाली असेल? शांता आपटे! आपली, प्रभातच्या 'कुंकू'मधली. तिला तमिळ येत नव्हतं, ती त्या भूमिकेसाठी तमिळ शिकली. आणि एम. एस. त्या सिनेमात काय होती, तर नारद. पुरुष! म्हणजे विचार करा, काठपदराच्या साडीचा आदर्श म्हणून जिच्याकडे पुढे अख्खा तमिळनाडू बघणार ती हातात वीणा घेऊन नारदाच्या वेशात नारायण नारायण करतेय आणि बाजूला तमिळ सावित्री म्हणून नटून उभी आहे ती एक मराठी मुलगी. नारद व्हायचं कारण पैसे. सदाशिवम आणि त्यांचे मित्र कल्की कृष्णमूर्ती ह्यांना स्वतःचं साप्ताहिक काढायचं होतं, 'कल्की', आणि भांडवलाची अडचण होती. नारदाच्या मानधनातून ती सुटली आणि त्याच वर्षी साप्ताहिक निघालं. ही हकीकत मी घरी जेवताना सांगितली तर सासूबाईंना सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असेल तर शांता आपटे तमिळ बोलली ह्याचा, जणू आपल्याच माहेरचं कुणी तिकडे जाऊन नाव काढून आलं.

अजून एक. शांता आपटेचा 'कुंकू' 1937 चा, तरुण मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावलं जातं तो. एम. एस.चा पहिला सिनेमा 'सेवासदनम' त्याच्या पुढच्याच वर्षीचा, आणि त्यातही तरुण मुलगी, म्हातारा नवरा. दोघी दोन भाषांत एकच दुखणं मांडत होत्या, आणि तीन वर्षांनी एका सेटवर भेटल्या.

बरं, दागिने. साडीपेक्षा मला खरं वेड तिच्या नाकाचं आहे. दोन्ही बाजूंना हिरा. आपल्याकडे नथ डावीकडे आणि विषय संपला, उजवीकडे टोचलेलं दिसलं की लगेच ही कुठल्या बाजूची म्हणून चौकशी. तिकडे जुन्या बायका दोन्हीकडे टोचायच्या. नाकातल्या चमकीला मूकुत्ती म्हणतात, आणि हिऱ्यांचा मोठा प्रकार असतो त्याला बेसरी, आठ खड्यांची असली तर एट्टुकल बेसरी. बेसरी म्हटल्यावर माझे कान टवकारले, कारण माझी कोकणातली आजी नाकातल्याला वेसर म्हणायची. आता ही तिकडून इकडे आली की इकडून तिकडे गेली ते भाषावाले बघतील. दंडातल्या वाकीचंही तेच, तिकडे ती वंकी.

कानात हिऱ्यांची तोडू. हे नाव ऐकून मला आधी हातातले तोडे वाटले, पण तोडू म्हणजे कानातली बसकी फुलं. एक खडा मध्ये, सहा भोवती, सात खड्यांचं फूल. आता डोळे मिटून आपली मोत्याची कुडी आठवा. एक मोती मध्ये, सहा भोवती! तेच फूल, तीच मांडणी, त्यांनी हिऱ्यात केलं आणि आपण मोत्यात. हिऱ्याला तमिळमध्ये वैरम म्हणतात, ते आपल्या वज्राचंच पोर, म्हणजे गळ्यातल्या आपल्या वज्रटिकेचं नावाने नातं लागतं.

मामींची तोडू त्यांच्या सासूबाईंची. त्यांनी काढून माझ्या तळहातावर ठेवली, अपेक्षेपेक्षा जड, मागून सोन्याने पूर्ण बंद केलेली. आजच्या हिऱ्यांना मागून उजेड यायला जागा ठेवतात, हे जुनं काम तसं नाही. खडेही आजच्यासारखे लखलखीत पांढरे नव्हते. मामींनी खिडकीचा पडदा सरकवला, ऊन पडलं, आणि खड्यांवर एक निळसर साय आली, दुधावर येते तशी. "ब्लू जागर," मामी म्हणाल्या, एवढ्या अभिमानाने की जणू खाण त्यांची. दक्षिण आफ्रिकेत जागर्सफाँटेन म्हणून खाण होती, तिथल्या हिऱ्यांना उन्हात अशी निळी झाक यायची आणि जुन्या तमिळ घरांतून त्यांचं फार कौतुक. इतर जगात हिऱ्यात निळी झाक म्हणजे बहुतेकदा किंमत कमी, इथे तीच मागून घ्यायची. साफ कशी करता विचारलं तर रिठ्याचं पाणी आणि जुना टूथब्रश. आणि हो, मोरीचं तोंड फडक्याने बंद करून, एकदा एक फिरकी वाहून गेली होती त्याची आठवण त्यांना पन्नास वर्षांनी अजून टोचते.

देवळी दागिने, टेम्पल ज्वेलरी म्हणून आता जे लग्नांत सगळ्या घालतात ना, लाल-हिरव्या केंप खड्यांचं, लक्ष्मी, मोर, आंबे, ते तिकडे नागरकोविलजवळ वडसेरीला बनतं, आधी देवांच्या मूर्तींसाठी आणि मग भरतनाट्यमच्या मुलींसाठी. सिनेमातल्या नाचणाऱ्या नट्यांनी, पद्मिनीसारख्या, ते घराघरात नेलं. एम. एस. स्टेजवर त्या वाटेला फारशी गेली नाही. नाक, कान, बांगड्या, गळ्यात थोडं, झालं. गाताना गळ्याजवळ काही खुळखुळू नये असंही असेल, हा माझा अंदाज. किंवा असं की जिला नटून उभं राहणं काय असतं ते सिनेमात करून झालंय तिला त्याचं अप्रूप राहत नाही.

फुलं मात्र भरपूर. माटुंग्याच्या मार्केटात सकाळी गेलात तर दिसेल, मोगऱ्याचे गजरे आपल्यासारखे नगावर नाही मागत तिकडच्या बायका, मुळमवर मागतात. मुळम म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. मोजायचं विकणाऱ्याच्या हाताने. म्हणून मामी कायम एकाच फुलवाल्याकडे जातात कारण तो सहा फुटी आहे आणि त्याचे हात लांब आहेत. मोगऱ्याच्या मध्ये मध्ये नारिंगी फुलं ओवलेली असतात ती कनकांबरम, म्हणजे आपली अबोली, गोव्यात वेणी करतात तीच. मी एकदा अबोली म्हटलं तर मामींना नाव फार आवडलं, न बोलणारी, म्हणाल्या, ही तर आमच्या सुनेला ठेवायला पाहिजे होतं.

मामींनी एम. एस.ला ऐकलंय, षण्मुखानंदमध्ये, सत्तरच्या दशकात कधीतरी. काय गायली ते मी विचारलं. मामींनी दोन-तीन रागांची नावं घेतली, मग थांबल्या, आणि मग दहा मिनिटं साडीबद्दल सांगत होत्या. निळी होती. पदर असा घेतलेला. तंबोरा मागे. ती आत आली तेव्हा पहिल्या चार रांगांतल्या बायकांनी आधी साडी बघितली, नंतर नमस्कार केला, "आम्ही पण तेच केला. गाणं तर रेडिओवर पण येतो ना." खरं सांगू का, मला हे फार आवडलं. एवढी मोठी गायिका, आणि तिकिटाच्या पैशातले निम्मे पैसे बायकांनी रंग डोळ्यांत भरून घ्यायला दिलेले. ती काही रोज निळीच नेसायची असं नाही, अरक्कू असायची, हिरवी असायची, पण आठवणीत निळीच राहिलीये सगळ्यांच्या. मध्ये 2024 मध्ये विद्या बालनने तिच्या साड्यांसारख्या साड्या नेसून, तसेच दागिने, तशीच फुलं घालून फोटो काढून घेतले होते, ते मामींनी झूम करकरून बघितले. नाकाला पास केलं. निळ्यावर काही बोलल्या नाहीत.

आता मुद्दा असा होता की मला खरी निळी पाहिजे होती. मामींची साडी त्या देणार नव्हत्या, मी मागितलीही नाही, ती त्यांच्या नातीची आहे हे नात जन्मली तेव्हाच ठरलंय. शिवाय मामी म्हणाल्या की साडीसुद्धा आता खरी राहिलेली नाही, साठ वर्षांत रंग थोडा तरी उतरतोच, हा जो दिसतोय तो तेव्हाचा नाही. मग तेव्हाचा कुठे बघायचा? त्यांनी थोडा विचार केला आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातून त्या साडीवरचा ब्लाउज काढला. साडीच्याच कापडाचा, काखेत पार फिकट झालेला, पाठीला तर राखाडीच. तो उलटा केला, दाभण आणि छोटी कात्री घेतली, आणि बाजूची शिवण उसवायला लागल्या. मी नको नको म्हणतेय तोपर्यंत चार बोटं उसवली. शिंप्याने आत दीडेक इंच माया ठेवलेली, पूर्वी ठेवायचेच, बाई पुढे अंगाने भरणार हे धरून. ती दुमडलेली माया त्यांनी उलगडली. उजेड न लागलेली, घाम न लागलेली, साठ वर्षं आतच राहिलेली एक पट्टी.

तो निळा. बाहेरच्या ब्लाउजच्या शेजारी धरला तर दोन वेगळी कापडं वाटावीत.

"हा," मामी म्हणाल्या. "हा घेऊन जा दुकानात. हरवलास तर घरात येऊ नको."

मग मी तो उलटा ब्लाउज प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तीन दुकानं फिरले. पहिल्या दुकानात एम. एस. ब्लू म्हणून नेव्ही काढली. दुसऱ्यात रॉयल. त्याच दुकानातल्या दुसऱ्या पोराने मध्येच येऊन मोरचुदी दाखवली, हाच एम. एस. म्हणे, त्या दोघांचंच भांडण लागलं. तिसरं दुकान माटुंग्यातलंच, जुनं, गादीवर बसवणारं. तिथल्या काकांनी माझ्याकडून ब्लाउज घेतला, माया बघितली, काही न बोलता ट्यूबलाइटखालून उठले आणि दाराशी उन्हात जाऊन उभे राहिले. परत येऊन पोराला म्हणाले, वरून ते मागच्या महिन्याचं बंडल आण. सात साड्या आल्या. सहा त्यांनी स्वतःच बाजूला सारल्या. सातवी आम्ही दोघांनी फुटपाथवर नेऊन उन्हात धरली, मायेची पट्टी वर ठेवली, आणि पट्टी दिसेनाशी झाली.

तेवढ्यात दोन म्हाताऱ्या मामी दुकानात शिरत होत्या, त्या थांबल्या. एक म्हणाली एम. एस. ब्लू. दुसरी म्हणाली छे, तो ह्याहून थोडा गडद. मग त्या दोघी तमिळमध्ये सुरू झाल्या, काका मध्ये पडले, मला एक अक्षर कळत नव्हतं फक्त दर वाक्यात एम. एस. येत होतं. मी उलट बाजू बघून घेतली, कोरवैचा जोड होता, पदराची कड बोटाला लागली, जर नखाने खरवडली तर काकांनी रागाने बघितलं पण आतून तांबडं आलं. किंमत सांगत नाही, नवरा वाचतो हे.

फोटो काढून मामींना पाठवला, उन्हातच काढलेला, पट्टी शेजारी ठेवून. दोन मिनिटांत व्हॉइस मेसेज आला, मागे कुकरची शिट्टी.

"हा तर जांभळा दिसतो गं. घेऊ नको."

मी तोपर्यंत कार्ड स्वाइप केलं होतं.